न उघडता नोट तपासायची

आमच्या अण्णांना रिटायर होऊन चौदा वर्षं झाली तरी हातात नोट आली की ते ती आधी उजेडाकडे धरतात. भाजीवाल्याने परत दिलेली असो, एटीएममधली असो, नाहीतर अहेराच्या पाकिटातली. संशय वगैरे काही नाही, सवय. नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये त्यांनी बत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी तपासणीत, म्हणजे छापून आलेल्या शीटवर नजर फिरवायची, कुठे शाई फाकलीये, कुठे छपाई सरकलीये, कुठे नंबर धड उमटला नाहीये ते बघायचं आणि खूण करायची. दिवसभर तेच. घरी आल्यावर आईने केलेल्या पोळीवरसुद्धा त्यांची नजर तशीच फिरायची, आणि त्यावरून घरात जे व्हायचं ते व्हायचंच.

माझंही काम चुका पकडायचंच आहे. फक्त माझ्याकडची नोट बघायची सोय नाही, बघितली की ती खराब होते. हे मी अण्णांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते चहा पिता पिता थांबले आणि म्हणाले, "मग पगार कशाचा देतात?"

तर मी एका कंपनीत क्वांटम कम्प्युटिंगमध्ये रिसर्च करते. कंपनीचं नाव सांगत नाही, एकतर तशी परवानगी नाही आणि दुसरं म्हणजे पुढे मी थोडी कुरकुर करणार आहे. मशीन सातासमुद्रापार, टीम तीन देशांत विखुरलेली, आणि मी जेलरोडला आमच्या घराच्या मागच्या खोलीत, जिथे आईचं शिलाई मशीन असायचं. म्हणजे अजून आहेच, मॉनिटर त्याच्याच टेबलावर ठेवलाय, त्यामुळे मीटिंगमध्ये वैताग आला की पाय आपोआप पायडलवर जातो आणि समोरचे विचारतात, तुझ्याकडे ट्रेन जातेय का? ट्रेनही जाते, पण ती वेगळी.

नातेवाईकांत मी "कम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगते. क्वांटम म्हटलं की पंचाईत. मागे एका मंगल कार्यालयाबाहेर बोर्ड होता, 'क्वांटम मशीनद्वारे संपूर्ण शरीर तपासणी', मावशीने फोटो काढून पाठवला आणि विचारलं, हे तुमचंच का गं? तिला नाही म्हटलं तर ती हिरमुसली, कारण तिने तिथे सगळ्यांना भाचीचं आहे म्हणून सांगून झालं होतं. निफाडचे काका वेगळेच. त्यांची द्राक्षबाग आहे, थंडीत निफाडचा पारा घसरला की पेपरात बागेतल्या शेकोट्यांचे फोटो येतात ना, ते आमच्या काकांसारख्यांचेच. त्यांना सांगितलं की आमची चिप शून्याखाली २७३ डिग्रीच्या आसपास ठेवतात, म्हणजे थंडीचा जो तळ आहे, ज्याच्याखाली जाताच येत नाही, त्याच्या एका अंशाच्या शंभराव्या भागाइतकी वर, आणि तिथे अंतराळसुद्धा उबदार म्हणायचं कारण त्याचं तापमान तळाच्या २.७ अंश वर आहे. काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "एवढं करून लासलगावचा उद्याचा भाव सांगेल का?" नाही म्हटलं. कांद्याचा भाव सांगणारं कम्प्युटर अजून कुठल्याच तत्त्वावर निघालेलं नाही.

ते मशीन मी प्रत्यक्ष एकदाच पाहिलंय. बातम्यांत जो फोटो येतो, सोनेरी झुंबरासारखा, तो फ्रीज उघडलेला असतानाचा. चालू असताना तो एक पांढरा पिंप असतो, छताला टांगलेला, आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा बारीक भाऊ म्हणा. आत तांब्याच्या थाळ्या एकाखाली एक, सोन्याचा मुलामा दिलेल्या, प्रत्येक थाळी वरच्या थाळीपेक्षा थंड, आणि सगळ्यात खालच्या थाळीवर नखाएवढी चिप. थंड करायला हेलियमचे दोन प्रकार मिसळतात, हेलियम-३ आणि हेलियम-४, आणि पहिल्यापासून थंड करायचं तर दोन-दोन दिवस जातात. फोटोत जे कधीच येत नाही ते म्हणजे आवाज. चिक्-चुक, चिक्-चुक, सेकंदाला एकदा-दीडदा, सतत, पंप चालू आहे तोपर्यंत. मला तिथे उभं राहून आईच्या शिलाई मशीनची आठवण आली हे खरं सांगते, आणि ज्यांनी मला लॅब दाखवायला दोन तास काढले होते त्यांना वाटलं मी भारावून गप्प झालेय.

आता एवढा थाटमाट करून त्या चिपवरचा क्यूबिट (साध्या कम्प्युटरचा बिट शून्य नाहीतर एक असतो, हा त्याचा क्वांटम भाऊ, दोन्हींच्या मिश्रणात राहू शकणारा) किती वेळ शुद्धीत राहतो? साधारण शंभर मायक्रोसेकंद, चांगला असेल तर थोडा जास्त. म्हणजे सेकंदाचा दहाहजारावा भाग. आणि दोन क्यूबिटवर मिळून एक क्रिया केली तर काहीशे किंवा हजार वेळांत एकदा चूक. ऐकायला हे बरं वाटतं, हजारात एक. पण जे प्रश्न सोडवायला हे सगळं चाललंय, औषधाच्या रेणूंचं गणित म्हणा किंवा पीटर शोरने १९९४ मध्ये दाखवलेलं मोठ्या आकड्याचे अवयव पाडणं म्हणा, त्यांना लाखो-कोट्यवधी क्रिया लागतात. हजारात एक चूक करणारा कारकून कोटी नोंदींच्या वहीला बसवला तर वहीची काय अवस्था होईल ते अण्णांना समजावून सांगायला लागलं नाही.

समजावून सांगायला लागलं ते पुढचं. तो रविवार होता, लाईट गेली होती, इन्व्हर्टरवर फक्त हॉलचा पंखा. मी अहेराची तीन रिकामी पाकिटं घेतली. म्हटलं, समजा तिन्ही पाकिटांत एकसारखी नोट आहे, तिन्हींत दहाची नाहीतर तिन्हींत वीसची, कुठली ते आपल्याला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही, पाकीट उघडलं की खेळ संपला. अण्णा म्हणाले, झेरॉक्स काढून ठेवायची आधीच. म्हटलं, तीही सोय नाही, क्यूबिटची झेरॉक्स निघत नाही हे १९८२ मध्येच सिद्ध झालंय. बरं, मग? मग कोणीतरी गुपचूप एका पाकिटातली नोट बदलली. आपल्याकडे एक माणूस आहे, तो कुठल्याही दोन पाकिटांत डोकावून फक्त एवढंच सांगतो की नोटा सारख्या आहेत की वेगळ्या. कुठल्या आहेत ते सांगत नाही. पहिलं आणि दुसरं, तो म्हणतो सारख्या. दुसरं आणि तिसरं, तो म्हणतो वेगळ्या.

"तिसरं बदललं," अण्णा लगेच म्हणाले. मग थोडं थांबून, "पण दहाची की वीसची ते अजून मला माहीत नाही."

तेच तर सगळं आहे म्हटलं. रक्कम माहीत नाही, चूक कुठे आहे ते माहीत.

त्यांनी पाकिटं हातात घेतली, पुन्हा खाली ठेवली. माझी अपेक्षा होती की आता वा वगैरे म्हणतील. ते म्हणाले, "आणि तो सांगणाराच चुकला तर?"

मी हा विषय पीएचडीत शिकले तेव्हा हा प्रश्न मला सुचायला, म्हणजे खरंतर सुचलाच नव्हता, पुस्तकात तिसऱ्या प्रकरणात आला तेव्हा कळला. अण्णांना दीड मिनिट लागलं. कारण प्रेसमध्ये तपासणाऱ्याचीही तपासणी असते, त्यांच्या दृष्टीने चूक फक्त शीटमध्ये असते असं कोणी म्हटलं तर तो माणूस नवीन लागलेला आहे. उत्तर असं की पुन्हा विचारायचं. परत परत, न थकता, त्याच जोड्यांबद्दल. तो मागच्या वेळी सारखं म्हणाला, आता वेगळं म्हणतोय, पुढच्या वेळी परत सारखं म्हणाला तर मधल्या वेळी तोच चुकला असणार, आणि वेगळंच म्हणत राहिला तर नोट खरंच बदललीये. क्यूबिटला आणखी एका जातीची चूक होते, फेजची, तिच्यासाठी पाकिटं दुसऱ्या अंगाने जुळवावी लागतात, ते मी गाळलं कारण तोवर लाईट आली आणि अण्णांची बातम्यांची वेळ झाली.

त्या तीन पाकिटांचं खरं रूप म्हणजे शोरने १९९५ मध्ये नऊ क्यूबिटमध्ये एक क्यूबिट साठवायची पद्धत दिली ते, आणि आता बहुतेक जण जो वापरतात तो सर्फेस कोड, पाकिटं चौकटीच्या जाळीत मांडायची आणि प्रत्येकाने फक्त शेजाऱ्याशी जुळतंय का एवढंच बघायचं. २०२४ च्या डिसेंबरात गुगलने विलो नावाची १०५ क्यूबिटची चिप दाखवली, तिच्या बातम्या 'विश्वाच्या वयापेक्षा जास्त वर्षांचं काम पाच मिनिटांत' अशा आल्या, आमच्या फॅमिली ग्रुपवरही आल्या. आम्ही लोक मात्र वेगळ्याच ओळीवर नाचत होतो. जाळी ३ बाय ३ वरून ५ बाय ५ केली, मग ७ बाय ७ केली, तर प्रत्येक वेळी चूक निम्म्याहून कमी झाली, बरोबर सांगायचं तर २.१४ पट कमी. याचं महत्त्व असं की आधी क्यूबिट वाढवले की चुकाही वाढायच्या, माणसं वाढवली की गोंधळ वाढतो तसं. इथे पहिल्यांदा स्वच्छ दिसलं की माणसं वाढवली आणि काम सुधारलं. अण्णांना आकडे सांगितले, ७ बाय ७ म्हणजे ४९ क्यूबिटमध्ये माहिती आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला ४८, सगळे मिळून धड असा एक क्यूबिट. ते म्हणाले, "एका नोटेमागे अठ्ठेचाळीस तपासनीस? सरकारी खातं दिसतंय."

माझं काम यात कुठे, तर ते सगळे तपासनीस सारखं-वेगळं, सारखं-वेगळं असं जे ओरडत असतात ते ऐकून नेमकी चूक कुठे झाली असेल हे ठरवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. त्याला डिकोडर म्हणतात. जाळीवर जिथे तपासनिसाचं उत्तर बदलतं तिथे लाल ठिपके उमटतात, त्यांच्या जोड्या लावायच्या, अशा की सगळ्या जोड्यांमधलं एकूण अंतर सगळ्यात कमी यावं. वधू-वर मेळाव्यासारखंच, फरक एवढाच की कोणालाही बिनलग्नाचं परत पाठवता येत नाही (कडेच्या ठिपक्यांना भिंतीशी लग्न लावायची मुभा आहे), आणि एखाद्या जोडीचं थोडं वाईट झालं तरी चालेल पण गावाचं एकूण भलं झालं पाहिजे. हे जुळवायची पद्धत जॅक एडमंड्सने १९६५ मध्ये दिली, क्वांटम कम्प्युटर ही कल्पनाही कोणाच्या डोक्यात नसताना. त्याने ती दिली तेव्हा कोणी विचारलं असेल का, याचा बिझनेस उपयोग काय म्हणून?

आणि हे पटकन करायचंय. विलोवर तपासणीची एक फेरी १.१ मायक्रोसेकंदाची. फेऱ्या थांबत नाहीत. तुमचा डिकोडर त्या वेगाने उरकत नसेल तर न तपासलेला गठ्ठा टेबलावर वाढत जातो, आणि गठ्ठा वाढला की पुढचं गणित अडतं, ते अडलं की आणखी गठ्ठा. अण्णा म्हणाले हे आम्हाला मार्चमध्ये व्हायचं.

एवढं वाचून वाटेल की मस्त काम आहे. आहेच. पण कंपनीतल्या रिसर्चचा खरा स्वभाव कळायला मला दोन वर्षं लागली. कॉलेजात असताना, म्हणजे नाशिकला बीएस्सी करत होते तेव्हा, आम्हाला कापरेकरांचं मोठं कौतुक होतं, द. रा. कापरेकर, इथेच देवळालीला शाळामास्तर होते, आमच्या घरापासून सायकलवर जाण्याइतकं ते गाव. कुठलाही चार आकडी नंबर घ्या, सगळे अंक सारखे नसलेला, अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाचे वजा करा, आलेल्या उत्तरावर परत तेच, जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येतोच आणि मग तिथून हलत नाही. २०२५ घेतला तर ४९९५, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, आणि आलाच ६१७४. हे त्यांनी कुठल्या प्रोजेक्टखाली नाही शोधलं, शाळेची नोकरी सांभाळून आकड्यांशी खेळत बसायचे म्हणून सापडलं. इथल्या गणितवाल्यांनी त्यांना फारसं मनावर घेतलं नव्हतं, १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जगाला कळलं. मला तेव्हा वाटायचं रिसर्च म्हणजे हे. आता माझ्याकडे तीन महिन्यांची उद्दिष्टं असतात, प्रत्येक उद्दिष्टापुढे टक्के असतात, आणि त्या टक्क्यांचे रंग असतात, हिरवा पिवळा लाल. आकड्यांशी खेळत बसले असा रकाना त्यात नाही. पेपर लिहिला तर आधी वकिलांकडे जातो, ते बघतात की पेटंट घेण्यासारखं काही आधीच बोलून तर नाही ना गेलो, आणि तिथे तो दोन महिने बसला की तेवढ्यात दुसऱ्या कोणाचा त्याच कल्पनेवर पेपर येतो. हे माझ्या बाबतीत एकदा झालंय. त्या दिवशी मी मुक्तिधाम मंदिरापर्यंत चालत गेले आणि चालत परत आले.

पण उलट बाजूही आहे आणि ती न सांगणं अप्रामाणिक होईल. कापरेकरांना मशीन नव्हतं. मला आहे. रात्री मी एक कल्पना कोडमध्ये लिहिते आणि सकाळी उठून बघते तर जगाच्या दुसऱ्या टोकाला खऱ्या चिपवर ती पन्नास हजार वेळा चालून झालेली असते. खरी चिप आणि कागदावरचं मॉडेल यांचं कधीच जमत नाही, एखादा क्यूबिट रात्रीतून बिघडतो, अंतराळातून आलेला एखादा कण चिपवर आदळला की एकदम अख्खा घोळका बावचळतो, आणि हे सगळं मला कॉलेजात राहून कधी दिसलं नसतं.

आता कुरकुर. मागच्या वर्षी माझ्या डिकोडरला मी एक नवीन गोष्ट शिकवली. जोड्या लावताना कुठली चूक किती संभवते याची वजनं लागतात, ती आम्ही मॉडेलवरून काढायचो, मी म्हटलं मशीनच्या डेटावरूनच शिकू. एका डेटावरून शिकायचं आणि दुसऱ्या, न पाहिलेल्या डेटावर परीक्षा द्यायची, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. निकाल आला, चुका १३ टक्क्यांनी कमी. आमच्या धंद्यात १३ टक्के म्हणजे पेढे. मॅनेजरने आनंदाने स्लाइड केली, येत्या गुरुवारी मोठ्या कस्टमरसोबत मीटिंग होती, तिच्या प्रेझेंटेशनमध्ये ती बसली पण, पाचव्या नंबरला, मोठ्या अक्षरात १३.

रविवारी सकाळी मिसळ खाऊन आलो, अण्णा नेहमीप्रमाणे सुट्टे पैसे मोजत बसले होते, आणि मला उगाच त्या डेटाकडे बघावंसं वाटलं. आकृत्या नको, नुसता कच्चा डेटा, शून्य आणि एक. शिकायच्या फाइलीच्या पहिल्या काही ओळी काढल्या. मग परीक्षेच्या फाइलीच्या काढल्या. बघत बसले. काहीतरी ओळखीचं वाटत होतं, जसं अण्णांना शीट बघून वाटतं, ते म्हणतात डोळ्याला आधी कळतं, डोक्याला नंतर. मग दोन्ही फाइली एकावर एक ठेवल्या, म्हणजे एक दुसरीतून वजा केली, एकावर एक शीट ठेवून उजेडाकडे धरावं तसं. सगळीकडे शून्य. पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्य. दोन नावांची एकच फाइल. कॉपी करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एक नाव चुकलं होतं, स्क्रिप्ट मीच लिहिलेली. माझ्या डिकोडरला गाईडमधलेच प्रश्न पेपरात आले होते.

पाय पायडलवर गेला आणि बहुतेक बराच वेळ चालू राहिला, कारण आई दारात येऊन उभी राहिली. अण्णा पण आले. सांगितलं काय झालंय ते. त्यांना डिकोडर वगैरे किती कळलं देव जाणे, पण "दोन नोटांवर एकच नंबर" असं मी म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा बदलला. त्यांच्या दुनियेत याहून मोठी चूक नसते. त्यांनी एकच विचारलं, "बाहेर गेली का?"

मीटिंग गुरुवारी होती, म्हटलं अजून नाही.

"मग फोन लाव."

मॅनेजरला मेसेज केला तेव्हा त्याच्याकडे पहाट होती. खऱ्या न पाहिलेल्या डेटावर परत चालवलं, त्यात सोमवार गेला. उत्तर आलं ३ टक्के. तीन. वाईट नाही, पण त्याला पेढे कोणी वाटत नाही. आणि मग बिझनेस साइडच्या एका माणसाने मीटिंगमध्ये अगदी शांतपणे विचारलं की काही परिस्थितीत १३ आले होते ना, मग आपण 'अपटू १३' असं लिहू शकतो का? मला एकदम मेनरोडवरचे दिवाळी सेलचे बोर्ड आठवले, अपटू ५० टक्के, त्यातलं अपटू एवढंसं आणि ५० एवढं मोठं. मॅनेजर चांगला माणूस, त्याने स्लाइडच काढून टाकली. पण सहा महिन्यांनी माझ्या मूल्यमापनात 'डिलिव्हरी' या रकान्यात पिवळा रंग आला, आणि खाली कारण, उद्दिष्ट १० टक्के, साध्य ३. स्वतःची चूक स्वतः पकडली याला रंग नव्हता. राग आला का? आला. अजून आहे थोडा.

अण्णांकडे देवघरातल्या डब्यात एक दहाची नोट आहे, तिच्या नंबरात एक छोटी चांदणी आहे. २००६ पासून अशा नोटा काढायला लागले. छपाईत खराब झालेली नोट काढून टाकली की तिच्या जागी बंडलात चांदणीची नोट घालतात, म्हणजे बंडल शंभराचं शंभर राहतं आणि नंबराची साखळी तुटलीये हेही कोणी लपवत नाही. लोकांना वाटतं चांदणीवाली नोट खोटी, अण्णा किराणावाल्याशी त्यावरून भांडलेले आहेत. तर आमच्या अंतर्गत रिपोर्टात, जो बहुतेक कोणी वाचत नाही, मी ३ लिहिलं आणि त्याच्यापुढे चांदणी काढली, आणि खाली लिहिलं की आधी इथे १३ होतं, ते का चुकलं, कुठल्या ओळीत. माझ्यानंतर कोणीतरी ती स्क्रिप्ट वापरेल तेव्हा उपयोग होईल.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न मात्र या कशाबद्दलच नसतो. तो असतो, कधी? मॅनेजर विचारतो, त्याला त्याचा वरचा विचारतो. माझा चुलतभाऊ तर शेअरवाला आहे, २०२५ च्या जानेवारीत एन्व्हिडिया या चिप कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग म्हणाले की खरंच उपयोगाचा क्वांटम कम्प्युटर यायला पंधरा ते तीस वर्षं लागतील, आणि अमेरिकेतल्या क्वांटम कंपन्यांचे शेअर एका दिवसात चाळीस टक्क्यांच्या आसपास कोसळले, त्या रात्री त्याचा फोन, ताई, तुला आधी माहीत होतं ना? जणू काही ही बातमी होती. आमच्यात कोणाला विचारलं असतं तर एकाने दहा म्हटलं असतं, एकाने तीस, आणि तिसऱ्याने 'उपयोगाचा' म्हणजे काय यावर तासभर घेतला असता. आपल्या सरकारने २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६००३ कोटी मंजूर केले, त्यातही ५० ते १००० क्यूबिटचं मशीन आठ वर्षांत असं लिहिलंय, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने आणि संरक्षण खात्याच्या डीआरडीओच्या पुण्यातल्या लॅबने मिळून ६ क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी २०२४ मध्ये पूर्ण केली. सहा ऐकून लोक हसतात. ज्याने एकसुद्धा बनवायचा प्रयत्न केलाय तो हसत नाही.

मला स्वतःला 'कधी' पेक्षा दुसरी गोष्ट जास्त भारी वाटते. २०१९ मध्ये दोघा संशोधकांनी हिशेब मांडला होता की आज बँका वापरतात ते २०४८ बिटांचं आरएसए कुलूप, म्हणजे माहिती गुप्त ठेवायची गणिती पद्धत, फोडायला दोन कोटी कच्चे क्यूबिट लागतील, आठ तास. २०२५ मध्ये त्याच दोघांपैकी एकाने, क्रेग गिडनीने, नवा हिशेब मांडला, दहा लाखांपेक्षा कमी, आठवड्याच्या आत. मधल्या सहा वर्षांत लागणारी मशीन वीस पट लहान झाली आणि त्यासाठी कोणी एक स्क्रू पिळला नाही, सगळं कागदावर, चुका कशा सांभाळायच्या याच्या युक्त्यांवर. बँकांनी कुलपं बदलायला घ्यावीत हे यातून निघतंच, नवीन कुलपांची मानकंही २०२४ मध्ये निस्ट या अमेरिकेतल्या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने जाहीर केलीत, पण मी ते वाचलं तेव्हा मला कुलूप दिसलं नाही, मला तो माणूस दिसला, टेबलाशी बसून खोडतोय, परत लिहितोय.

आणि नोबेल. २०२५ चं फिजिक्सचं नोबेल क्लार्क, देवोरे आणि मार्टिनिस यांना मिळालं, ज्या प्रयोगांसाठी मिळालं ते १९८४-८५ मधले, विजेच्या सर्किटमध्ये, हातात धरता येईल एवढ्या गोष्टीत, क्वांटमचं वागणं दाखवणारे. आमचे क्यूबिट त्याच सर्किटांचे वंशज. अण्णांना म्हटलं, तुमचं लग्न झालं तेव्हाचं काम आहे, आत्ता बक्षीस मिळालं. ते म्हणाले, "आमचा एरिअर्सही असाच आला होता."

काल रात्री साडेनऊला कॉल होता. भिंतीपलीकडे अण्णा-आई जेवत होते, दार उघडंच होतं, आणि कॉलवर दर दोन वाक्यांत कोणीतरी एरर, एरर म्हणत होतं. मध्येच ऐकू आलं, अण्णा आईला म्हणत होते, "हिचं अजून चुकतंच आहे वाटतं." कॉल संपवून बाहेर आले तेव्हा ताट झाकून ठेवलेलं होतं आणि ते पाकिटातल्या नोटा काढून एकेक ट्यूबलाईटकडे धरत होते.

"चुका किती निघाल्या आज?" त्यांनी विचारलं.

"दोन लाख सत्तावीस हजार."

"आणि काल?"

"दोन लाख एकतीस हजार."

त्यांनी शेवटची नोट उलटी करून बघितली, पाकिटात ठेवली. "डेटा तोच नाही ना?"

नाही म्हटलं. दुपारीच एकावर एक ठेवून बघितलाय.